किल्ली कोणाच्या खिशात?

फलटण तालुक्यातल्या एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग मध्यंतरी आला. विषय नेहमीचाच होता, ‘माझा आवडता शास्त्रज्ञ’. कलाम आले, रामन आले, मेरी क्यूरी आल्या, जयंत नारळीकर आले. आणि पाच मुलांच्या भाषणांत इलॉन मस्क आले. त्यांपैकी नववीतली एक मुलगी फारच छान बोलली. आवाज खणखणीत, हातवारे बेताचे, पाठांतर पक्के. तिचे एक वाक्य असे होते : ‘त्यांनी अशी मोटार शोधून काढली, की जिला किल्ली लागत नाही, मालक जवळ आला की गाडी त्याला ओळखते आणि आपोआप दार उघडते!’ सभागृहात टाळ्या पडल्या. सादरीकरणाचे गुण मीही भरभरून दिले. ‘विषयाचे ज्ञान’ या रकान्याशी आल्यावर मात्र पेन थांबले.

त्या एका वाक्यात तीन विधाने आहेत. गाडी शोधून काढली, हे एक. किल्ली लागत नाही, हे दुसरे. गाडी मालकाला ओळखते, हे तिसरे. तिन्ही चुकीची आहेत. दोष मुलीचा नाही. भाषण बहुधा आपल्यापैकीच कोणी लिहून दिले असणार, आणि लिहिणाऱ्याने ते वर्तमानपत्रांतून उचलले असणार. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला कंपनीचे भारतातले पहिले दालन उघडले, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले, आणि सुमारे साठ लाख रुपयांपासून पुढे किंमत असलेल्या मॉडेल वाय या गाडीचे वर्णन आपण सर्वांनी वाचले. त्या वर्णनांत अभियांत्रिकी थोडी आणि आरती जास्त होती. आपण विज्ञान शिकवणारी माणसे आहोत, तेव्हा आरती बाजूला ठेवून दार कसे उघडते हे आधी पाहू.

बिनकिल्लीचे दार हा विद्युतगाडीचा गुणधर्म नाही. १९९० च्या दशकातच काही महागड्या अमेरिकन आणि जर्मन पेट्रोल गाड्यांत ही सोय आली होती. आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ती असते. खिशात रिमोट असला की मूठ धरताच दार उघडते, आणि बटण दाबले की गाडी चालू होते. आत घडते ते असे. मुठीला हात लागताच गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा एक क्षीण संदेश सोडते. या वारंवारतेला तरंगलांबी दोन किलोमीटरहून जास्त असते. त्यामुळे दाराजवळच्या छोट्याशा वेटोळ्यातून दूर जाणारी लहर जवळजवळ निघतच नाही, निघते ते वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र. ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जाते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठपट क्षीण. म्हणून हा संदेश एक-दोन मीटरच्या आतच ऐकू जातो. खिशातला रिमोट तो ऐकून जागा होतो. संदेशात एक यादृच्छिक संख्या असते. रिमोट आपल्याजवळच्या गुप्त संख्येच्या साहाय्याने तिच्यावर ठरलेले गणित करतो आणि उत्तर ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी परत पाठवतो. हे उत्तर पुष्कळ मीटर जाऊ शकते. गाडी तेच गणित स्वतः करून उत्तर ताडून पाहते. जुळले, की दार उघडले.

आता यात मालक कुठे आला? गाडी मालकाला ओळखत नाही, रिमोटलाही खऱ्या अर्थाने ओळखत नाही. तिला एवढेच कळते, की ‘माझ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आले’. त्यावरून ती अनुमान काढते, की ‘प्रश्न दोन मीटरच जातो, उत्तर आले आहे, त्या अर्थी रिमोट दोन मीटरच्या आत आहे’. अनुमान वरवर पाहता बिनतोड वाटते. त्यातली फट दाखवायला एक जुना किस्सा उपयोगी पडेल.

गणिती जॉन कॉन्वे यांनी १९७६ च्या आपल्या एका पुस्तकात बुद्धिबळाची एक युक्ती सांगितली होती. एका लहान मुलीला बुद्धिबळाच्या सोंगट्या कशाबशा हलवता येतात. ती दोन जगज्जेत्या दर्जाच्या खेळाडूंशी एकाच वेळी पत्राने डाव मांडते, एकाशी पांढरे मोहरे घेऊन आणि दुसऱ्याशी काळे घेऊन. पहिली खेळी दुसऱ्या खेळाडूकडून येते. ती तशीच्या तशी पहिल्याला कळवते. पहिल्याचे उत्तर तसेच्या तसे दुसऱ्याला. दोघेही थक्क होतात, की पोर काय खेळते! वास्तविक ते एकमेकांशी खेळत असतात आणि मुलगी टपाल पोचवत असते. सांगलीसारख्या, नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाचे वेड लावलेल्या गावात हा किस्सा सांगितला, तर मुलांना तो तत्क्षणी कळेल. मुलीला बुद्धिबळ येण्याची गरजच नाही. तिला फक्त निरोप पोचवता यायला हवा.

गाडी चोरणारेही नेमके हेच करतात. एक जण गाडीच्या मुठीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो. दुसरा घराच्या दाराशी उभा राहतो, कारण आत खुंटीवर रिमोट टांगलेला असतो. गाडीचा क्षीण प्रश्न पहिला पकडतो आणि दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा तो मोठ्या वेटोळ्याने दाराआडच्या रिमोटला ऐकवतो. रिमोट प्रामाणिकपणे गणित करतो आणि उत्तर देतो. गुप्त संख्या फोडली नाही, गणित सोडवले नाही; टपाल तेवढे पोचवले. गाडीला वाटते, मालक आला.

झुरिचच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये हा प्रयोग आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवर करून पाहिला. दहाही गाड्या फसल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, ब्रिटनच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी घराबाहेरच्या कॅमेऱ्याने टिपलेली एक चित्रफीत प्रसिद्ध केली. दोन माणसे हातात खोके घेऊन येतात आणि पाहता पाहता अंगणातली मर्सिडीज घेऊन जातात. काच फुटत नाही, आवाज होत नाही. शास्त्रज्ञांनी धोका दाखवल्यानंतरची मधली सहा वर्षे कंपन्यांनी कशी घालवली, हा प्रश्न मला त्या चोरांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

टेस्लाची स्थिती काही वेगळी नव्हती. तिच्या मॉडेल एस या गाडीच्या रिमोटमधील गुप्त संख्या फक्त ४० बिटांची होती. २ चा ४० वा घात म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला आकडा प्रचंड आहे, पण संगणकाला किरकोळ. ही ४० बिटांची पद्धत २००५ सालीच फोडली गेली होती. तरीही ती त्या गाडीत वापरली गेली, आणि २०१८ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने शक्यतांचे कोष्टक आधीच तयार ठेवून रिमोटची नक्कल काही सेकंदांत करून दाखवली. इथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तिने संशोधकांना धमकावले नाही, बक्षीस दिले. रिमोट सुधारला. गाडी चालू करण्यापूर्वी चार आकडी संख्या दाबण्याची सोय दिली. मात्र पुढे किल्लीचे काम मोबाइल फोनकडे गेले, तेव्हा मूळ फट तशीच सोबत गेली. २०२२ मध्ये एका ब्रिटिश सुरक्षा संस्थेने मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांवर ब्लूटूथचा निरोप पोचवून तोच डाव यशस्वी करून दाखवला.

वर्गात हे दाखवायला एक पैसाही लागत नाही. एक विद्यार्थी ‘गाडी’, एक ‘किल्ली’. दोघांनाच ठाऊक असलेला एक नियम ठरवा, जसे की सांगितलेल्या संख्येला ७ ने गुणून शेवटचे दोन अंक सांगायचे. गाडीने कुजबुजत विचारायचे, किल्लीने मोठ्याने उत्तर द्यायचे. किल्लीला वर्गाबाहेर पाठवले की खेळ बंद पडतो, कारण कुजबुज ऐकू जात नाही. आता दोन निरोपे आणा. त्यांना नियम सांगू नका. तरीही दार उघडते! मग मुलांना विचारा, की गाडीने काय केले असते म्हणजे फसली नसती? आठवी-नववीची मुले पाच-सात मिनिटांत ‘किती वेळात उत्तर आले ते मोजायचे’ इथवर पोचतात, हा अनुभव आहे. प्रत्यक्षातला उपायही तोच आहे. प्रकाश आणि रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. किल्ली तीन मीटरवर असेल तर जाण्यायेण्याला २० नॅनोसेकंद. ती पन्नास मीटरवर असेल तर ३३० च्या वर. चोराचे यंत्र कितीही चांगले असो, प्रकाशाहून जलद निरोप त्याला पोचवता येणार नाही. अत्यंत आखूड स्पंद वापरून हा काळ मोजणारी पद्धत अलीकडच्या काही गाड्यांत आणि फोनांत आली आहे. तिच्यावरही संशोधक हल्ले करून पाहत आहेतच. तोपर्यंत रिमोट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणे हा उपाय चालतो. का चालतो, हे दहावीच्या मुलांना विचारण्याजोगे आहे.

आता ‘किल्ली लागत नाही’ या विधानाकडे वळू. आपल्या वाड्याच्या जुन्या कुलपाला लोखंडी किल्ली होती. ती हरवली तर गावातला किल्लीवाला दुसरी करून देई, आणि कुलूप गंजले तर तेल घालून चाले. दाराचे दोन पक्ष होते, कुलूप आणि किल्ली. फोनने उघडणाऱ्या गाडीत पक्ष वाढतात. फोनची बॅटरी, फोनमधला कार्यक्रम, गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी, आणि काही कामांसाठी कंपनीचा दूरच्या देशातला संगणक. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचे हे संगणक काही तास बिघडले. फोनवरून गाडी उघडू पाहणाऱ्या अनेक देशांतल्या मालकांना दाराबाहेर ताटकळावे लागले आणि मस्क यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांच्या पाकिटात कंपनीने दिलेले प्लास्टिकचे किल्लीकार्ड होते त्यांचे काही अडले नाही. म्हणजे किल्ली लागतच होती!

याहून गंभीर प्रकार पुढचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने २०२१ सालच्या मॉडेल वाय गाड्यांच्या दारांची चौकशी सुरू केली. छोट्या बॅटरीचा दाब कमी झाला की बाहेरची विजेवर चालणारी मूठ काम करीनाशी होते, अशा तक्रारी आल्या होत्या. मूल मागच्या आसनावर, पालक बाहेर, आणि दार उघडत नाही. काहींना काच फोडावी लागली. यांत्रिक खिट्टी आतल्या बाजूने असते, पण आसनाला पट्ट्यांनी बांधलेले दोन वर्षांचे मूल ती ओढणार कसे?

इथे एका पुस्तकाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ते मराठी वाचकांपर्यंतही पोचले आहे आणि भाषणे लिहून देणारे त्याचा आधार घेतात. वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेले मस्क यांचे चरित्र २०२३ मध्ये आले. आयझॅक्सन दोन वर्षे मस्क यांच्या मागे सावलीसारखे फिरले. पुस्तक वाचनीय आहे, प्रकरणे आखूड आहेत, आणि नायकाचे उग्र, क्रूर वागणेही लेखकाने लपवलेले नाही. तरी ते वाचून संपवल्यावर अडचण वाटते. त्यात मॉडेल एसच्या मुठीचा प्रसंग आहे. दाराच्या पृष्ठभागात मिसळून गेलेली आणि मालक जवळ येताच आपणहून बाहेर येणारी मूठ मस्क यांना हवी होती. असली यंत्रणा ऊन, पाऊस, बर्फ सोसत हजारो वेळा चालवणे कठीण आहे, असे अभियंते सांगत होते. मस्क यांनी ऐकले नाही, मूठ झाली, गिऱ्हाईक खूश झाले. प्रसंग संपला. वाचकाने घ्यायचा अर्थ असा, की द्रष्ट्यापुढे अभियंत्यांच्या शंका खुज्या ठरल्या.

पण त्या शंका खुज्या नव्हत्या. सुरुवातीच्या मॉडेल एस गाड्यांच्या मुठी वारंवार बिघडत, हे त्या गाड्यांच्या मालकांना चांगले ठाऊक आहे. मॉडेल वायची मूठ रचनेने निराळी आहे. पण वीज नसेल तर काय, हा अभियंत्याने विचारायचा प्रश्न तिथेही उभा राहिलाच. चरित्राच्या रचनेत या प्रश्नाला जागा नाही. नायकाचा हट्ट आणि त्याचे यश ही दोन टोके तिथे जोडली जातात, आणि मधली माणसे ‘विरोध करणारे’ एवढ्याच भूमिकेत उरतात. हे एका पुस्तकापुरते नाही. अ‍ॅशली व्हान्स यांचे २०१५ चे चरित्र अधिक माहितीपूर्ण असूनही बरेचसे याच वाटेने जाते. शिवाय नायकाच्या इतक्या जवळ बसून लिहिण्याचे मोलही द्यावे लागते. क्रिमियाजवळची उपग्रह-संपर्क सेवा मस्क यांनी बंद करवली, असा प्रसंग आयझॅक्सन यांनी लिहिला होता. पुस्तक येते न येते तोच ती सेवा तिथे आधीपासून चालूच नव्हती अशी दुरुस्ती त्यांना जाहीर करावी लागली. प्रयोगवहीत अशी चूक विद्यार्थ्याने केली तर आपण विचारतो, ‘दुसऱ्या कोणाचे निरीक्षण घेतलेस का?’

राहिले ‘शोधून काढली’. हे विधान तपासायला सर्वांत सोपे, म्हणून थोडक्यात सांगतो. विजेवर चालणाऱ्या मोटारी १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने होत्या. प्रत्यावर्ती विद्युतधारेच्या मोटरचे पेटंट निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये मिळाले. कंपनीने त्यांचे नुसते नाव घेतले आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या पायाभूत कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती बाजारात आणली १९९१ मध्ये सोनीने. कॅलिफोर्नियातील एसी प्रोपल्शन नावाच्या छोट्या कंपनीने टी-झिरो ही चपळ विद्युतगाडी बनवली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी २००३ मध्ये टेस्ला कंपनी काढली. मस्क २००४ मध्ये भांडवल घेऊन आले. संस्थापक कोणाला म्हणायचे यावर पुढे कोर्टकज्जा झाला, आणि २००९ मधल्या तडजोडीनंतर पाच जण संस्थापक म्हणवून घेऊ लागले! २०१० मध्ये अमेरिकन सरकारने कंपनीला ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. ते तिने २०१३ मध्ये मुदतीआधी फेडले. भांडवल उभे करणे, तोट्याची वर्षे काढणे, कारखाना चालवून लाखो गाड्या बाहेर काढणे, ही मस्क यांची कामगिरी खरी आहे आणि मोठी आहे. तिला कारखानदारी म्हणावे. शास्त्रज्ञांच्या यादीत ती घालण्याचे कारण नाही.

कारखानदाराचा गौरव करण्याची आपल्या भागात जुनी परंपरा आहे, आणि ती वाईटच होती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पण त्यांची गोष्ट सांगताना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली हे सांगितले जाते, भाऊ रामूअण्णा येतात, शंभोअण्णा जांभेकर येतात. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली हेही सांगितले जाते. ती गोष्ट मुलाला ‘तूही एखाद्याच्या जोडीने काहीतरी करू शकशील’ असे वाटायला लावते. अब्जाधीशाची गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला टाळ्या वाजवण्यापलीकडे काम राहत नाही. ज्याचे वडील उसाच्या पाण्यासाठी जळालेल्या मोटारी गुंडाळून देतात, त्या मुलाला आपल्या घरात विद्युतचुंबकत्व रोज चालू आहे याचा पत्ता लागत नाही. तो सातासमुद्रापारच्या माणसाचे छायाचित्र वहीवर चिकटवतो.

त्यातून फलटणला तर हे अधिकच खटकते. लोणंद रस्त्यावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. अनिल राजवंशी अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून १९८१ मध्ये इथे आले. कंदील, चुली, गोड ज्वारीपासून मद्यार्क अशी कामे करत करत १९९० च्या दशकात ही मंडळी विजेच्या वाहनाकडे वळली. वाहन कोणते? सायकलरिक्षा. त्यांनी आधी साधी रिक्षा तपासली. वजन फार, गिअर नाहीत, मागच्या चाकांना ब्रेक नाहीत. मग तीन पायऱ्या केल्या : सुधारलेली पायरिक्षा, मोटरची मदत असलेली पायरिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा. त्याचा वृत्तांत २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला आहे.

या निवडीमागचे भौतिकशास्त्र फळ्यावर मांडता येते. रिक्षा ९० किलो, चालक ६०, दोन उतारू १३०, मिळून २८० किलो. रस्त्याच्या घर्षणाचा गुणक ०.०१५ धरला तर विरोधी बल सुमारे ४१ न्यूटन. ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर वेगाला जवळपास ११५ वॉट शक्ती लागते. माणूस तासन्‌तास सुमारे ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. म्हणजे सपाटीवरच तो मर्यादेवर असतो. पन्नासास एक असा किरकोळ चढ आला, की आणखी दीडशे वॉट हवेत. ते तो फुप्फुसांतून काढतो. इथे पाव अश्वशक्तीची मोटर माणसाचे आयुष्य बदलू शकते. सुमारे १९०० किलोची मॉडेल वाय ७० किलोच्या एका माणसाला घेऊन जाते, तेव्हा हललेल्या वस्तुमानातला माणसाचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी असतो. दोन्ही विद्युतवाहनेच आहेत. वर्गात दोन्ही गणिते शेजारी शेजारी घालून पाहावीत.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आपणही आरतीच म्हणू. फलटणची रिक्षा कारखान्यांतून हजारोंनी बाहेर पडली नाही. २०१० च्या सुमारास दिल्लीत ई-रिक्षा आल्या त्या मुख्यतः चीनहून आणलेल्या सुट्या भागांच्या, शिसे-आम्ल बॅटरीच्या आणि कोणत्याही नियमात न बसणाऱ्या. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. मग नियम झाले, की शक्ती २००० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, उतारू चार. आणि २०१५ मध्ये कायदा बदलला. आपल्या माथेरानला माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा विसाव्या शतकानंतरही चालू राहिली, कारण तिथे मोटारींना बंदी आहे. तिथल्या रिक्षाचालकांच्या संघटनेने कोर्टात लढून ई-रिक्षा मागितली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मुंबईच्या दालनात फीत कापली गेली त्यानंतर तीन आठवडे नुकतेच उलटले होते. विद्युतवाहनाची त्या वर्षातली मोठी मराठी बातमी कोणती, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्पर्धेत तिचा उल्लेख एकाही मुलाने केला नाही.

राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आता धोका असा, की वहीवरचे मस्क यांचे छायाचित्र काढून तिथे त्यांचे लावायचे आणि ‘जगातली पहिली ई-रिक्षा आमच्या फलटणची’ अशी भाषणे सुरू करायची. त्याने काहीच साधणार नाही. उलट, प्रयोगात चालणारी रिक्षा बाजारात का गेली नाही, तिला भांडवल का मिळाले नाही, चार्जिंग कुठे आणि कोण करणार होते, ज्यांच्यासाठी ती होती त्या चालकाला ती परवडली असती का, हे प्रश्न मुलांनी संस्थेत जाऊन विचारावेत. शाळेपासून अंतर थोडे आहे, एसटीचे भाडेही फार पडणार नाही.

स्पर्धेनंतर त्या मुलीला मी बुद्धिबळाचा किस्सा सांगितला. ती हसली, मग म्हणाली, ‘पण सर, भाषणात हे सांगितलं असतं तर नंबर आला असता का?’ मी गुणपत्रिकेकडे पाहिले. सादरीकरणाला ४०, भाषेला ३०, आत्मविश्वासाला २० आणि विषयाच्या ज्ञानाला १० गुण होते. पुढच्या वर्षीसाठी विषय सुचवा, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. ‘आमच्या गावातले एक यंत्र’ असा विषय मी कळवला आहे. भाषणात ते यंत्र बनवणाऱ्या, चालवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या निदान तीन माणसांची कामे सांगायची आणि ते कुठे बिघडते हे सांगायचे, अशा दोन अटी घातल्या आहेत. ज्ञानाला ४० गुण मागितले आहेत. पहिली अट त्यांना मान्य आहे. दुसरीने कार्यक्रमाचा नूर बिघडेल असे त्यांना वाटते, आणि गुणांचे अजून ठरलेले नाही.